गॅरेजात गार, चाकणच्या चौकात गरम

एसीच्या जाळीत खोचलेला थर्मामीटर मस्त गारवा दाखवत होता आणि संतोष माझ्याकडे हताश होऊन बघत होता.

"कांबळेभाऊ, शप्पथ सांगतो, चाकणच्या चौकात ही गाडी म्हणजे भट्टी असते. इथं आली की शहाण्यासारखी वागते. मी काय खोटं बोलतोय का राव?"

खोटं तो बोलत नव्हता. मागच्या सीटवर त्याच्या आई नाकाला पदर लावून बसल्या होत्या. श्वास घेताना खांदे वर जात होते. एवढा पुरावा मला पुरे होता.

मी निगडीतल्या एका गॅरेजात गाड्यांचे एसी दुरुस्त करतो. वीसेक वर्षं झाली. संतोष चाकणच्या पुढच्या एका गावचा, कंपनीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन. गाडी जुनी हॅचबॅक, पण निगुतीने ठेवलेली. आईंना दमा. दर महिन्याला त्यांना पिंपरीला डॉक्टरांकडे आणायचं, आणि रस्ता चाकणवरून. तो रस्ता ज्याने पाहिलाय त्याला जास्त सांगायला नको. कंटेनरच्या रांगा, धूर आणि धूळ. काच उघडली की दमा उसळतो, बंद ठेवली तर ऑक्टोबरच्या उन्हात माणूस शिजतो. त्या माऊलीसाठी एसी म्हणजे औषधाचाच भाग होता.

आणि तो एसी आम्ही नुकताच दुरुस्त केला होता. कंडेन्सर लीक होता, तो नवा टाकला, गॅस भरला, गाडी दिली. दोन दिवसांत संतोष परत. तपासलं, सगळं ठीक. पुन्हा गेला, पुन्हा आला. आज तर थेट डॉक्टरांकडून येताना गाडी गॅरेजात घातली होती.

"संत्या, घरी चल," आई मागून म्हणाल्या. "आन् त्या डाक्टरला सांग, म्हातारी आता यायची न्हाई. येताना निम्मा जीव जातो, औषधानं निम्मा येतो. मिळवलं काय मंग?"

मला ते लागलं.

शेठ, म्हणजे आमचे मालक, काउंटरवरून ओरडले, "कांबळे, कॉम्प्रेसर गेलाय तो. बदलून टाक, विषय संपव."

"शेठ, गेला असता तर इथे तरी गार कशाला केलं असतं?"

"मग तूच विचार त्याला!"

शेठचं हे नेहमीचं. समजलं नाही की कॉम्प्रेसर. मला असं अंदाजाने पार्ट बदलणं जमत नाही, चीड येते. शिवाय या दुखण्याने मला आता चांगलंच छळलं होतं. डॉक्टर दिसला की ताप उतरणारं पोर असतं, तशी ही गाडी. पोर असं का करतं ते मला कळायलाच हवं होतं.

इथे थोडं समजावून सांगतो. एसी गारवा तयार करत नाही. तो गाडीच्या आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. ती टाकण्याची जागा म्हणजे कंडेन्सर, गाडीच्या तोंडाशी असलेली पातळ पत्र्यांची जाळी. तिच्यातून वारा वाहिला की उष्णता निघून जाते. गाडी पळत असली की वारा आपोआप मिळतो. उभी असली की जाळीमागचे दोन पंखे तो ओढतात. वारा मिळाला नाही तर गॅसचा दाब वाढत जातो, आणि फार वाढला की कॉम्प्रेसर स्वतःच्या जिवासाठी बंद पडतो. मग आत येते ती नुसती गरम हवा.

म्हणजे संशय पंख्यांवर जायला हवा होता. गेलाही होता. पण एसी लावला की दोन्ही पंखे घुं घुं करत फिरत होते. मी प्रत्येक वेळी कान देऊन ऐकलं होतं.

"शेठ, मी यांच्याबरोबर चाकणला जाऊन येतो."

"आणि इथलं काम?"

"इथे ती आजारीच पडत नाही, तर इथे थांबून काय करू?"

मी टूलकिट घेऊन पुढच्या सीटवर बसलो. वाटेतल्या तळवड्यापर्यंत गाडी छान गार. आईंनी पदरसुद्धा थोडा सैल केला. चाकणच्या चौकाच्या अलीकडे रांग लागली आणि गाडी थांबली. थोड्या वेळाने वारा कोमट झाला, मग गरम. बॉनेटखाली टक् असा आवाज आला. कॉम्प्रेसर बंद.

"बघा!" संतोष म्हणाला. एवढ्या त्रासातही त्याचा चेहरा खुलला, कारण तो आता खोटा ठरला नव्हता.

"काच खाली घे रं," आई म्हणाल्या. त्याने घेतली आणि शेजारच्या कंटेनरचा धूर आत आला. त्या खोकायला लागल्या. तो खोकला ऐकून मी खाली उतरलो.

उगाच रस्त्यात उभं राहायला नको म्हणून संतोषने गाडी एका टपरीशेजारी कडेला घेतली. इंजिन चालू, एसी चालू. मी समोर जाऊन उभा राहिलो. दोन्ही पंख्यांचा आवाज व्यवस्थित येत होता. बघत राहिलो आणि माझी नजर हारावर गेली.

दसऱ्याला गाडीची पूजा करून घातलेला झेंडूचा हार अजून पुढच्या जाळीवर होता. वाळून कडकडीत झालेला. दिवाळीला नवा घालेपर्यंत जुना काढायचा नाही, असा आईंचा नियम. कंडेन्सर बदलताना आम्ही तो काढला, तेव्हा संतोषने आठवणीने परत बांधून घेतला होता. आता त्या हाराची डावी बाजू जाळीला घट्ट चिकटली होती, तशी ती चिकटायलाच हवी, कारण पंखा आत ओढतो. उजवी बाजू मात्र जाळी सोडून माझ्याकडे झुलत होती. वाळक्या पाकळ्या माझ्या पायांवर येत होत्या. मी हात पुढे केला तर गरम वाफ हाताला लागली.

उजवा पंखा फिरत होता, पण उलटा. आत ओढायचं सोडून जाळीची उष्णता पुढे फेकत होता, आणि तीच हवा शेजारचा पंखा पुन्हा आत ओढत होता. रस्त्यावर वेगात समोरचा वारा त्याला दाबून टाकायचा. गाडी थांबली की त्याचं राज्य सुरू.

"संतोष, हा पंखा कुणी बसवला?"

"मीच की. खंडेनवमीला. कंपनीतली पूजा उरकून आलो न् बसवला. जुनी मोटर जळाली होती. नवीचं सॉकेट बसंना, म्हणून वायरी कापून जोडल्या. का? चालतोय ना?"

"चालतोय. उलटा चालतोय."

तो हसला. "भाऊ, कंपनीतली थ्री फेज मोटर असती तर मानलं असतं. तिथं दिशा तपासल्याशिवाय मी मोटर जोडत नाही. हितं दोनच वायरी. घरचा पंखा कसाही जोडा, सरळच फिरतो."

"घरी एसी करंट असतो, सारखी दिशा बदलणारा. ही मोटर बॅटरीवर चालते, डीसी, एकाच दिशेचा. हिच्या दोन वायरी उलटल्या की दिशा उलटते."

संतोष हाराकडे बघत राहिला. मग त्याने कपाळावर हात मारला. "आयला! कंपनीत दिवसभर हेच काम करतो ओ मी."

ज्याने आयुष्यात मोटर जोडली नाही, त्याने घाबरून आधी कुणाला तरी विचारलं असतं. संतोषला विचारायची गरज वाटली नाही, आणि त्याने जोड इतका सुबक टेपून ठेवला होता की आम्हालाही तो गाडीच्या कंपनीचाच वाटला.

गाडी बंद करून थोडी थंड होऊ दिली. टेप सोडली, दोन वायरींची अदलाबदल केली, पुन्हा टेप. इंजिन चालू केलं आणि हार उजवीकडूनही जाळीला जाऊन चिकटला. मला मनापासून आनंद झाला. एवढं शोधून काढलं की पोरासारखं वाटतं.

पुन्हा रांगेत शिरलो. गाड्या हलत नव्हत्या. संतोषने काच वर घेतली. आम्ही दोघं वाऱ्यावर हात धरून बसलो होतो. वारा गारच राहिला. शेजारी एक ट्रक काळा धूर सोडत उभा होता, तो काचेबाहेरच राहिला. बराच वेळ गेला. आईंनी पदर नाकावरून काढून मांडीवर ठेवला.

"संत्या," त्या म्हणाल्या, "डाक्टरनं म्होरली तारीख कवाची दिलीय?"

संतोषने तारीख सांगितली.

मी चाकणहून बसने परत आलो. सगळ्या वाटेत एकच प्रश्न डोक्यात होता: मग गॅरेजात गाडी बरी कशी? आत शिरलो आणि उत्तर समोरच घरघरत होतं. आमचा मोठा पेडेस्टल फॅन. उकडतं म्हणून आम्ही तो गाडीच्या तोंडासमोर लावून काम करतो. त्याच्या वाऱ्यापुढे संतोषच्या उलट्या पंख्याचं काही चालत नव्हतं. अख्खा हार जाळीला चिकटून राहायचा.

मी जाऊन फॅन बंद केला.

"ए, कशाला बंद केलास?" शेठ ओरडले. "उकडतंय ना!"

आता आमच्याकडे एसी तपासताना तो फॅन बंद असतो. शेठ वर्तमानपत्राने वारा घेत कुरकुरतात. मी त्यांना सांगतो, गाडी गार झाली की नाही हे बघायचं असेल, तर घाम आपल्याला यायला हवा.