सुलोचनाताईंची कुसुमाची झाडं

पवनीच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले, त्या पहिल्याच चैत्रात विभागप्रमुख सुलोचनाताई वर्गाच्या दाराशी येऊन म्हणाल्या, "चला, पानं हिरवी झाली की दुरून ओळख पटायची नाही." कोंढ्याच्या वाटेवर एक झाड लालभडक दिसत होतं. मी पळस म्हणाले. "एक तरी फूल दिसतंय का? ती कोवळी पानं आहेत. कुसुम आहे ते," ताई म्हणाल्या, आणि मी वळेपर्यंत पुढे निघाल्याही.

ताईंचं सासरचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. नवी वसाहत मुरमावर वसली. तिथे लावलेली गुलमोहराची रोपं दर उन्हाळ्यात वाळत. म्हाताऱ्या सासूबाई भर दुपारी टिनाच्या पत्र्याखाली बसलेल्या पाहून ताईंना चैन पडेना. मुरमातही तग धरणारं कुसुमच तिथे लावायचं, असं त्यांनी मनावर घेतलं. आदल्या वर्षीचं बी पेरलं. काहीच उगवलं नाही. ताजं बी हवं होतं, आणि नेमकं तेव्हाच आसगावचे शेतकरी रामाजी आपल्या धुऱ्यावरचं, शेताच्या बांधावरचं, कुसुम तोडणार असल्याचं कळलं.

आम्ही तातडीनं गेलो. रामाजी म्हणाले, "ताई, याच्या सावलीत धान होत नाही. मी कायले नुकसान सोसू जी?"

ताई म्हणाल्या, "तुमचं खरं आहे. फक्त आषाढापर्यंत थांबा. फळं पिकू द्या, मग मी अडवणार नाही."

रामाजी थांबले. ताईंनी फळं वेचली, बी लगेच पेरलं. झाड पडलं त्या दिवशीही त्या धुऱ्यावर उभ्या होत्या. मग रामाजींच्या घरचा चहाही त्यांनी घेतला. रोपं वसाहतीत लावली, तेव्हा रामाजी बैलबंडीभर काटे घेऊन आले. "बकऱ्या काहीच ठेवत नाहीत, ताई. कुंपण मी करून देतो."

माझे बाबा आजारी असताना ताईंनी महिनाभर माझे तास घेतले. पुढे कधी बोलून दाखवलं नाही. निवृत्तीनंतरही त्यांचा सकाळी फोन येतोच, "बुंध्याशी पाणी साचून राहिलं आहे, येता का?"

आज ती कुसुमं आमच्या डोक्याच्या वर गेली आहेत. फळायला अजून वेळ आहे, आणि थांबणं ताईंना जमत नाही. ताईंच्या पंच्याहत्तरीच्या या दिवशी आम्हा सर्वांचं मागणं एवढंच, की त्यांचे गुडघे बळकट राहोत, नजर शाबूत राहो, आणि पहिलं आंबट फळ चाखून त्यांनीच आम्हाला दटावावं, "बसलात काय? बी ताजं आहे, पेरा."