तरंगणारा थेंब

"आदी माजं बगा," असं म्हणत ते खुर्चीत बसायच्या आधीच डाव्या हाताचं बोट पुढे करायचे. सगळे त्यांना आबा म्हणत. कार्ल्यातल्या आमच्या रक्तदान शिबिरात मी नोंदवही सांभाळतो. त्या वहीत आबांचं नाव पाच वेळा आहे आणि पाचही वेळा शेवटच्या रकान्यात 'नाही' लिहिलेलं आहे. तरीही डोंगरावरच्या ठाकरवाडीतून जे कोणी रक्त देऊन गेले, ते आबांमुळेच आले. हा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही.

वाडीवर आधी मी गेलो होतो. अंगात पाच लिटर रक्त असतं, आम्ही साडेतीनशे मिलिलिटरच घेतो, असं सगळं नीट सांगितलं. लोकांनी कोरा चहा दिला, माना डोलावल्या. शिबिराला एकही आला नाही.

"भाऊ, आकडं ग्वाड हायेत," आबा नंतर म्हणाले, "पन रगत दिल्यावर घरचा चढ चढवंल का, ते तुमी सांगितलं न्हाई."

त्यांना घाई होती. सुनेच्या पहिल्या बाळंतपणात दवाखान्यानं रक्ताची सोय करायला सांगितली, तेव्हा घरच्यांनी घाबरून तिला तसंच वाडीवर परत आणलं होतं. ती वाचली, बाळ गेलं. आता तिला पुन्हा सहावा महिना होता. "ह्या टायमाला कुनी पळायला नगं," एवढंच ते म्हणत.

पुढच्या शिबिराला ते नऊ जणांना घेऊन उतरले. तिथे बोटातल्या रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडतात. बुडाला तर रक्त घेतात. तरंगला तर अंगात लोह कमी, म्हणून घेत नाहीत. गावातल्या शेतकऱ्यांचे थेंब सरळ तळाला जात होते. वाडीच्या दहापैकी सात तरंगले. पहिला आबांचा.

"इतकं चालून आलो, आन् आमचंच रगत नगं व्हय?" बरोबर आलेली एक म्हातारी म्हणाली. हिमोग्लोबिन निदान साडेबारा हवं, हा नियम मी समजावू लागलो. कोणी ऐकेना. थेंब बुडालेल्यांपैकी दोघेजणसुद्धा दाराकडे निघाले.

आबा माझ्याकडे वळले. "भाऊ, तुमचं बगा की."

मी तोवर सव्वीस वेळा रक्त दिलेला माणूस. ऐटीत बोट पुढे केलं. थेंब मध्यावर थांबला, विचार केल्यासारखा, आणि वर आला.

सगळी वाडी हसली. म्हातारीनं ओच्यातला गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला. "खा रं बाबा, तुज्यात बी काय न्हाई!"

दारातले दोघे परत फिरले.

सुनेचे दिवस भरल्यावर दवाखान्यात दोन पिशव्या रक्त लागलं. या वेळी कोणी पळालं नाही. वाडीतले दोघे आपणहून बाही वर करून उभे राहिले. मुलगी झाली.

पुढच्या खेपेला माझा थेंब बुडाला. लोहाच्या गोळ्या मी नेमानं घेतल्या होत्या. आबांनाही दर शिबिरात तीस गोळ्या मिळत. "घेता ना?" मी विचारी. "व्हय की." त्यांचा थेंब मात्र तरंगायचाच.

या उन्हाळ्यात आबा गेले. भेटायला वाडीवर गेलो, तेव्हा सुनेनं फळीवरचा डबा काढला. "ह्या माघारी न्या भाऊ, कुनाला तरी व्हतील."

मी गोळ्या मोजल्या. दीडशे. एकही कमी नाही.

"त्यांनी घेतल्याच नाहीत?"

"मामंजी त्या रगताच्या मोठ्या सुईला लय भ्यायचे," ती म्हणाली, आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला.

म्हणजे ते भीतीपोटी गोळ्या टाळून तरंगत होते? की आधी आपला थेंब तरंगला म्हणजे मागच्यांना लाज वाटणार नाही, असं काही मनात होतं? घरी येऊन बायकोला विचारलं. ती म्हणाली, "दोन्ही असेल." दोन्ही कसं असेल? रकाना एकच असतो.

गेल्या रविवारी शिबिर होतं. आता वाडीतून कोण येणार, असं मी धरून चाललो होतो. तेरा जण उतरले. पाच थेंब बुडाले, आठ तरंगले. दुपारी आकडा ताडून बघायला मी ओसरीवर गेलो. तेराही जण भिंतीला टेकून केळी खात, एकमेकांना चिडवत बसले होते. बाह्या सगळ्यांनी खाली ओढल्या होत्या आणि कापूस सगळ्यांच्याच बोटाला होता. कोणी दिलं आणि कोणाचं घेतलं नाही, ते नुसतं बघून मला ओळखता येईना.