उघड्या हातांना मज्जाव

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. त्यांचा उजवा डोळा काचबिंदूने कधीच नेला. डावाही आता कडेकडेने अंधारत चालला आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच दिवशी मी ठरवलं की यांना एकदा माझी लॅब दाखवायचीच. दिसतंय तोवर.

ठरवणं सोपं होतं. दादा नांदेडकडून रेल्वेच्या नोकरीसाठी हैदराबादेत आले आणि इथेच निवृत्त झाले. तारनाक्याला माझ्या संस्थेच्या फाटकापर्यंत ते मला कितीदा तरी सोडायला आले असतील, पण आत पाऊल नाही. "नक्को माय, इथंच बरंय. तू ये जाऊन." लहानपणी गावात त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं. तेव्हापासून कुणी बाहेर थांबायला सांगण्याआधी ते आपणच थांबतात. मला याचा संताप येतो, आणि तो काढायला समोर असतात फक्त दादा.

शेवटी एका रविवारी भांडूनतंडून त्यांना आणलं. कुकटपल्लीहून मेट्रो, अमीरपेटला बदलून दुसरी. वाटेत मी माझं काम समजावत होते. आरएनए म्हणजे पेशीतला निरोप्या, असं आपण शाळेत शिकतो. पण काही आरएनए नुसता निरोप पोचवून थांबत नाहीत, स्वतः काम करतात. काही तर स्वतःलाच नेमक्या जागी कापतात. असे रेणू आम्ही निवडून काढतो. असंख्य वेगवेगळे आरएनए एका नळीत घ्यायचे आणि सगळ्यांना एकच काम द्यायचं, कापा. ज्यांना जमलं ते उचलायचे, त्यांच्या प्रती काढायच्या, काढताना थोड्या चुका होऊ द्यायच्या आणि पुन्हा परीक्षा घ्यायची, आधीपेक्षा कडक.

"अन् ज्यायला जमलं नाही ते?"

"धुऊन टाकतो."

"दुसरं एखादं काम देऊन बघावं की त्यायला," दादा म्हणाले.

"तेवढी फेलोशिप कोण देतंय, दादा!"

लॅबच्या दारावर इंग्रजीत आणि हिंदीत पाटी आहे, हातमोज्यांशिवाय कशालाही हात लावू नये. मी रोज तिच्याजवळून जाते, मला ती दिसेनाशी झाली होती. दादांना एका डोळ्याने दिसली. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि भिंतीपासूनसुद्धा अंतर ठेवून उभे राहिले.

मी घाईघाईने सांगायला लागले. आपल्या कातडीवर एक विकर असतं, ते आरएनएचे तुकडे करतं. माझ्या हातावर असतं, डायरेक्टरांच्या हातावर असतं, आत्ता अंघोळ करून आलेल्याच्याही हातावर असतं.

"सगळ्यायच्याच?"

"सगळ्यांच्याच."

"हं," म्हणाले. हात पाठीमागेच राहिले. माझं एवढं शिक्षण, पण तिथे काही चालेना.

निवडीच्या शेवटच्या फेरीत उरलेल्या रेणूंची नळी मी बर्फात काढून ठेवली होती. कित्येक महिन्यांची मेहनत होती तीत. मी मोजे चढवत होते, तेवढ्यात आमचे सर आले. सर पुण्याचे. घरात आजीचं सोवळं किती कडक होतं, हे त्यांनीच एकदा हसत सांगितलं होतं. "नमस्कार काका, बरं झालं आलात," म्हणत ते जवळ आले आणि बोलता बोलता सवयीने, तसाच उघडा हात त्यांनी बर्फातल्या नळीकडे नेला.

"सर, हात नका लावू."

बोलले दादा. आवाज जराही चढवला नव्हता.

सरांचा हात जागच्या जागी थांबला. "चुकलंच माझं," ते म्हणाले. त्यांनी मोजे घातले आणि खोका दादांपुढे धरला. "तुम्हीही घाला, काका." दादांच्या जाड, रापलेल्या बोटांवर मोजा चढेना. तेव्हा सरांनी त्यांचं मनगट धरून एकेक बोट ओढून बसवलं. दादा त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मी दुसरीकडे पाहिलं, नाहीतर तिथेच रडले असते.

छोट्या नळीत थोडा आरएनए काढून मी ती दादांच्या हातात दिली आणि तीत मॅग्नेशियमचं द्रावण सोडलं. त्यावाचून हे रेणू कापत नाहीत. पुढचं सगळं उरकून, रेणू लांबीनुसार वेगळे करणारी जेलची पातळ वडी निळ्या उजेडात ठेवली, तर दोन पट्ट्या स्पष्ट आलेल्या, वरची अख्ख्या रेणूंची, खालची कापलेल्यांची. मी बोटाने दाखवलं. दादा वाकून कितीतरी वेळ बघत राहिले, मग त्यांनी मान हलवली.

परतीच्या मेट्रोत मी विचारलं, "खालची पट्टी दिसली ना?"

"नाही माय. नुसतं निळं निळं दिसलं."

मला उशीर झाला होता. मागच्या वर्षी आणलं असतं तर दिसली असती. भरल्या डब्यात मला रडू आवरेना.

"रडायलीस कशाला?" दादा म्हणाले. "मी आत उभा होतो की."