जिन्यातले देव

आमच्या त्या बिल्डिंगमधल्या लोकांना मी अजून माफ केलेलं नाही, आणि त्या लोकांत मीही आले.

माझं माहेर देवरूखचं. अंगणातल्या तुळशीवृंदावनाला चारही बाजूंनी जपानी टाइल्स बसवलेल्या होत्या. आजोबांनी त्या मुंबईहून आगबोटीने रत्नागिरीला आणि पुढे बैलगाडीने घरी आणल्या होत्या. एकदा एक निखळली, तेव्हा पाठीमागे इंग्रजीत जपानचं नाव उमटवलेलं दिसलं. पुढे गाय आणि बासरीवाला कृष्ण. चित्र उठावाचं होतं. डोळे मिटून बोट फिरवलं तरी नाक कुठे आणि बासरी कुठे ते कळायचं. खोलगट भागात झिलई साचून रंग गडद झालेला, उंचवट्यावर पातळ, म्हणजे एकाच निळ्यात चार निळे. डोळे तेवढे जरा जपानी वळणाचे. ज्याने साचा कोरला त्याने कृष्णाचं नावही कधी ऐकलं नसेल, पण हात असा चालवला होता की मी पुढे चित्रकलेची शिक्षिका झाले ती त्या कृष्णापायीच.

आई त्या टाइल्सना रोज सकाळी पाणी मारून नारळाच्या सोडणाने खसाखसा घासायची. आमच्याकडच्या पावसात सगळ्यावर शेवाळ धरतं. नाही घासलं तर देव हिरवा होतो, असं ती म्हणायची. देवाचं तोंड काथ्याने घासल्याचं पाप तिला कधी लागलं नाही.

नव्याण्णव साली आम्ही रत्नागिरीत तीन मजली बिल्डिंगमध्ये राहत होतो. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. जिन्याच्या पहिल्या वळणावरचा कोपरा पान आणि गुटखा थुंकून थुंकून लालभडक झालेला. थुंकणारे बाहेरचे, असं सगळे म्हणायचे. बाहेरचे लोक थुंकायला जिना कशाला चढतील, हे मी विचारलं की विषय बदलायचा. जिना झाडायला जवळच्या गावातून एक मावशी यायच्या. फिनेल टाकून, उकिडव्या बसून तो कोपरा त्या रोज खरवडायच्या. दोन दिवसांत तो पुन्हा लाल. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या सोसायटीच्या अध्यक्षांकडे त्यांना उंबऱ्याच्या आत कुणी घेतलेलं मी पाहिलं नाही. पाणी दिलंच तर वरून ओंजळीत.

देवाच्या टाइल्स लावायची अक्कल याच अध्यक्षांची. देव पाहिला की माणूस थुंकत नाही, म्हणे. बाई भिंत घासताना दिसते तेव्हा मात्र बिनदिक्कत थुंकतो! मी मीटिंगमध्ये हे बोलले, पण मावशींचे कष्ट वाचतील म्हणून शेवटी हो म्हटलं. चित्रकलेच्या बाई म्हणून निवडायलाही मलाच धाडलं. दुकानात न्हाणीघराच्या टाइल्सशेजारी सगळे देव एका रांगेत उभे होते. गणपती, दत्त, काबा, क्रूस. सगळे छापील, गुळगुळीत. दत्ताचा एक रंग सरकलेला, त्यामुळे तिन्ही तोंडांचे ओठ गालावर गेलेले. मला लाज वाटली. तरी घेऊन आले.

महिनाभर कोपरा स्वच्छ राहिला. लोक चार हात सरकून थुंकू लागले, एवढाच काय तो धर्म. मग कुणीतरी गणपतीला जास्वंद लावलं. मग उदबत्ती आली. आणि एके सकाळी अध्यक्षांच्या बायकोने मावशींना सांगितलं की देवाला झाडूपोछ्याचा हात लावायचा नाही. मावशी मुकाट्याने टाइल्सपासून हातभर लांब पुसू लागल्या. झाडू हे नुसतं निमित्त होतं. विटाळ होता तो हाताचा, आणि हे जिन्यातल्या प्रत्येकाला कळत होतं.

पुढे व्हायचं तेच झालं. वरच्या पायऱ्यांवरून कुणीतरी पिंक टाकली ती थेट दत्तावर. मावशींना मनाई, आणि बाकीच्यांना किळस. आठ दिवस ती तशीच सुकत राहिली आणि लोक तिच्याच शेजारी हात जोडून वरखाली करत राहिले. मग जिन्यातच मीटिंग भरली. अध्यक्ष म्हणाले, मावशी कामचुकार झाल्या आहेत, दुसरी बाई पाहू. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठून म्हटलं, "थुंकीने न बाटणारा तुमचा देव तिच्या हाताने बाटतो होय?" मी तशीच घरात गेले, पाण्याची बादली आणि सोडण घेऊन आले आणि सगळ्यांच्या देखत खाली बसून दत्ताची तिन्ही तोंडं घासून काढली. आईसारखी, खसाखसा.

मला वाटलं, मी जिंकले. लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांच्या बायकोला माझी ती सेवा फारच भावली. आठवड्याभरात बायकांनी वार वाटून घेतले: सोमवार हिचा, मंगळवार तिचा. कोपऱ्याला छोटी घुमटी झाली. आणि एवढं वळण घरच्याच बायका करतात, तर उरलेला जिना खालच्या दुकानाचा झाडूवाला करील, असं ठरवून मावशींना महिनाअखेरीपासून यायचं नाही म्हणून कळवलं.

मी तावातावाने भांडले. मावशींना गाठून तेही सांगितलं, की मी तुमच्यासाठी किती भांडले. त्या आपला खराटा पोत्यात गुंडाळत होत्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "बाई, तुमी कशाला घासलात? ‘हिला घासू द्या’ आसा सांगायचा व्हता."

त्या मीटिंगच्या दिवशी बादली माझ्या हातात होती, सगळे बघत होते, आणि मावशी त्या वेळी चार पायऱ्या खाली खराटा धरून उभ्या होत्या. सोडण त्यांच्या हातात द्यायचं मला सुचलंच नाही.