काउंटर चालू आहे

"साहेब, जरा तुमचा मोबाईल काढा बरं."

नागझिरा अभयारण्याच्या आमच्या गेटवर गाडी थांबली, की ऑफिसच्या खिडकीतून आधी एक हात बाहेर यायचा आणि मग हे वाक्य. पर्यटक बिचारे अगोदरच भेदरलेले असत. हॉर्न वाजवू नका, मोठ्यानं बोलू नका, गाडीतून उतरू नका, हे सगळं फलकावर वाचून आलेले. त्यांना वाटायचं, फोन जमा करून घेत असावेत. मुकाट्यानं काढून द्यायचे. हा तो फोन परत त्यांच्याच हातात ठेवायचा आणि म्हणायचा, "माह्याजवळ नको. एक साइट सांगतो, ते उघडते का तेवढं पाहा."

साइट उघडली की त्याचा चेहरा असा व्हायचा, जणू वाघ त्यालाच दिसला. नाही उघडली, तर पर्यटकांचा परवाना हातात तसाच धरून तो रस्त्याकडे बघत राहायचा. मागच्या गाडीचा गोंदियाचा ड्रायव्हर ओरडायचा, "अरे बाबू, तेरी दुकान बाद में देख, पहले हमको छोड."

तो गेटवर कॉम्प्युटर ऑपरेटर होता. परवाने तपासणं त्याच्याकडे, गाईड नेमून देणं माझ्याकडे. आमच्या दोघांच्या सिमला तिथे रेंज नव्हती. बाहेरून आलेल्यांच्या फोनवर कधी एखादी काडी दिसायची. ऑफिसचं नेट परवान्यांपुरतं. त्यावर आपली साइट उघडायची नाही, हा नियम त्याला कोणी घालून दिला नव्हता, त्यानंच घालून घेतला होता. त्यामुळे सकाळची फेरी जंगलात गेली, की हा मोटरसायकलला किक मारून नाल्यावरच्या रपट्यावर, म्हणजे ठेंगण्या पुलावर, जायचा. तिथे रेंज यायची. परत आला की पाच मिनिटं बसायचा आणि पुन्हा निघायचा.

मी चिडायचो. म्हणायचो, आता तर पाहून आलास ना बाबा?

"तवा चालू होती भाऊ. पन आता?"

 या प्रश्नाला तुमच्याजवळ उत्तर असलं तर सांगा.

त्याचा चहा संपलेला मी कधी पाहिला नाही. कॅन्टीनच्या मावशींनी कप हातात दिला, की दोन घोट घेऊन तो कुठेतरी ठेवायचा. खिडकीच्या कठड्यावर, प्रिंटरवर, एकदा तर एका जिप्सीच्या बोनेटवर. मावशी वैतागल्या आणि त्याला अर्धाच कप द्यायला लागल्या. त्यातलाही अर्धा त्यानं ठेवला.

आता ती साइट कसली, ते सांगतो. टीव्हीवर पूर्वी एक विनोदी मालिका लागायची. तुम्हाला आठवणार नाही; फार दिवस चाललीच नाही ती. एसटी स्टँडासमोरचं एक लॉज आणि त्याचा मॅनेजर, एवढीच गोष्ट. तपासणीला साहेब आले, सासरे आले, कोणीही नको असलेलं माणूस आलं, की मॅनेजर पलंगाखाली शिरायचा आणि वेटरला म्हणायचा, सांग मी गेलो. वेटर "मॅनेजर गेले हो" म्हणून गळा काढायचा. आलेला माणूस घाबरून विचारायचा, "जाताना चहा तरी घेतला होता का?" आणि पलंगाखालून मॅनेजरला राहवायचं नाही. तो म्हणायचा, "साखर कमी होती."

बस्, एवढंच. मला हे त्यानं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसलोसुद्धा नाही. तो मात्र सांगताना डोळे पुसत होता.

मालिका चालू होती तेव्हा तो सौंदडला घरी पाय मोडून पडला होता. बांधावरून पडला होता, पाय प्लास्टरमध्ये, बाहेर धानाची कापणी आणि घरचे सगळे शेतात. "हासलो का पाय दुखे," तो सांगायचा. "तरी हासतच होतो जी." पाय बरा झाला आणि मालिका बंद झाली. ती पुन्हा कुठे दाखवली नाही, कोणाजवळ तिचे भाग सापडेनात. मग यानं कॉम्प्युटर शिकून पहिलं काम काय केलं, तर त्या मालिकेची साइट काढली आणि जेवढं आठवेल तेवढं त्यावर लिहून काढलं. कोणत्या भागात कोण आलं, कोण काय बोललं. हळूहळू कुठून कुठून माणसं आली आणि चुका दुरुस्त करायला लागली.

त्या माणसांची खरी नावं कोणालाच ठाऊक नव्हती. सगळ्यांनी लॉजमधल्या वस्तूंची नावं घेतलेली. नांदेडचा एक जण "गरम पाणी". मस्कतला नोकरी करणारा एक "डासांची जाळी". पुण्याच्या बाई "उशी". आणि आमचा हा "बेल", काउंटरवर वाजवायची असते ती. रोज सकाळी ड्यूटीवर निघण्याआधी तो साइटवर एकच ओळ टाकायचा: "काउंटर चालू आहे." मग बाकीचे एकेक करून यायचे आणि दिवसभर गप्पा झोडायचे.

भांडायचेही कडाकडा. वेटरच्या खांद्यावरचा पंचा पट्ट्यांचा होता की चौकडीचा, यावरून तट पडले आणि निम्मी मंडळी निम्म्यांशी बोलेनाशी झाली. ते सगळं उन्हाळ्याच्या ऐन गर्दीत. हा रपट्यावर भर उन्हात उभा राहून दोन्हीकडच्यांची समजूत घालत होता. शेवटी साइटवर लिहिलं गेलं, "पंचा पट्ट्यांचा (काहींच्या मते चौकडीचा)". तेव्हा कुठे हा जेवला.

एकदा "गरम पाणी"नं खटपट करून मॅनेजरचं काम करणाऱ्या नटाला गाठलं. नट म्हातारा झालेला. त्याला ती मालिका आठवेचना. साइटवर सगळ्यांचे चेहरे पडले असणार. मला वाटलं, आता याचं मन उडेल. हा म्हणाला, "त्याले कायले आठवन? तो काम करून राहिला होता. पाहत आपन होतो."

त्यांची एक रीत होती. परीक्षा, लग्न, नवी नोकरी, कोणी काही दिवस साइटवर येणार नसलं, की तसं साधं सांगायचं नाही. "आम्ही गेलो" असं जाहीर करायचं. मग बाकीच्यांनी रांगेनं विचारायचं, "चहा घेतला होता का?" आणि गेलेल्यानं "साखर कमी होती" म्हटल्याशिवाय त्याला सुट्टी नाही. "डासांची जाळी" मस्कतला गेला तेव्हा विमानतळावरून त्यानं साखर कमी असल्याचं कळवलं होतं. हे सांगताना आमचा बेल खिडकीतच नाचायचा बाकी होता.

मी एकदा म्हटलं, एवढ्यासाठी साइट कशाला, व्हॉट्सॲपवर ग्रुप करा की. तो पहिल्यांदा माझ्यावर रागावला. ग्रुपवर कालचं आज सापडत नाही, म्हणाला. मग जरा वेळानं, खुर्चीवर बसून पुन्हा उठत, म्हणाला, "साइट बंद पडली न भाऊ, तं हे लोक एकमेकायले सापडनार नाहीत. कोनाचं नाव मले माहीत नाही, कोनाचं गाव पक्कं माहीत नाही. एवढा एकच दरवाजा हाये."

तेव्हा मला त्याच्या येरझाऱ्यांचा अर्थ कळला. तो मालिका सांभाळत नव्हता, ही माणसं सांभाळत होता. आणि आपला डोळा लागला तर ती हरवतील, अशी त्याला धास्ती होती. त्या दिवसापासून मीही पर्यटकांना फोन काढायला सांगायला लागलो. लाज सोडली म्हणा हवं तर.

एका सकाळी त्यानं असाच एका गाडीत फोन उघडवला. फोन एका बाईंचा होता. हा पत्ता सांगायला लागला, तर त्यांच्या फोनवर तीच साइट आधीपासून उघडलेली. बाई फोनकडे बघतात, याच्याकडे बघतात. म्हणाल्या, "तुम्ही बेल का हो?"

त्या "उशी" होत्या. अनेक वर्षं रोज बोलणारी ही दोन माणसं समोरासमोर आली आणि दोघांच्या तोंडून शब्द फुटेना. बाईंचे यजमान दोघांकडे संशयानं बघायला लागले. फेरीची वेळ झाली, गाडी आत सोडावी लागली. ती फेरी परत येईपर्यंत हा माणूस गेटपासून वळणापर्यंत आणि वळणापासून गेटपर्यंत चालत होता. रपट्यावरही गेला नाही. गाडी परतली, बाई उतरल्या, आणि पुन्हा तेच. हा मान खाली घालून उभा. बाईंनी कठड्यावरचा त्याचा अर्धा कप पाहिला. म्हणाल्या, "साखर कमी होती का?"

मग दोघं जे हसत सुटले, की गाईड लोक गोळा झाले. जंगलात काय दिसलं, हे त्या बाईंना कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

तो गेला ते पावसाळ्यात. गेट बंद होतं, तो सौंदडला घरी होता. सकाळी अंगणात उभ्या उभ्या चहा घेत होता, कप ठेवला आणि फोन आणायला आत वळला, तो उंबरठ्यातच बसला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. त्याचा भाऊ रायपूरहून यायचा होता, म्हणून सगळे थांबले होते. अंगणात गाव बसलेलं, आणि आत वहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, शेजारी त्याचा फोन सारखा वाजत होता.

वहिनींनी तो माझ्या हातात दिला. "सकाळपासून वाजूनच राहिला जी भाऊजी. त्याईचे लोक हायेत. त्याईले सांगून टाका."

मी उघडून पाहिलं. सकाळी "काउंटर चालू आहे" ही ओळ पडली नव्हती. सगळे विचारत होते, आज बेल का वाजली नाही. मला लांबलचक लिहिता आलं नाही. लिहिलं, "बेल आज सकाळी गेले." त्याच्याच फोनवरून, त्याच्याच नावानं. दुसरं नाव माझ्याजवळ होतं कुठे?

क्षणभरात पहिलं उत्तर आलं. "चहा घेतला होता का?"

मग दुसरं. मग तिसरं. नांदेडहून, मस्कतहून, कुठून कुठून. "उशी"चंही आलं. सगळे खूश झाले होते. इतकी वर्षं इतरांना निरोप देणारा हा माणूस स्वतः पहिल्यांदाच सुट्टी घेत होता.  ते सगळे तिकडे "साखर कमी होती"ची वाट बघत बसले होते.

वहिनींनी विचारलं, "काय म्हणून राहिले जी?"

खोटं बोलायचं माझ्या मनात होतं, पण जमलं नाही. म्हटलं, विचारतात, जाताना चहा घेतला होता का.

वहिनींना त्या मालिकेतलं काही ठाऊक नव्हतं. नवरा मोबाईलमध्ये डोकं घालून हसतो, एवढंच त्यांनी पाहिलेलं. त्या जरा सरळ बसल्या. मला वाटतं, सकाळपासून पहिल्यांदाच कोणी तरी काही तरी नीट विचारलं, याचं त्यांना बरं वाटलं असावं. म्हणाल्या, "घेतला होता म्हना. म्याच देला होता. अर्धाच घेतला. बाकीचा तसाच हाये, म्या कप उचलला नाही."

मी बाहेर पाहिलं. अंगणातल्या तुळशीच्या ओट्यावर कप होता. लोक त्याला धक्का न लावता बसले होते.

मी लिहिलं. वहिनींचे शब्द मी बदलले नाहीत, फक्त पुढे जोडलं, "मी त्यांची बायको सांगते."

त्यानंतर फोन वाजला नाही. सकाळपासून न थांबलेला तो फोन असा गप्प झाला, की वहिनींनीच घाबरून तो हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला.

"चालू हाये न जी?" त्यांनी विचारलं.

चालू आहे, मी म्हटलं.

घराचा पत्ता आणि तेरवीचा दिवस मी साइटवर वेगळ्या पानावर टाकून ठेवला होता. तेरवीला अंगणात काही अनोळखी माणसं आली. कोणी कोणाला ओळखत नव्हतं. एक उंच माणूस संकोचत मला म्हणाला, मी गरम पाणी. पुण्याच्या बाई आल्या होत्या. त्यांनी त्याला त्याचं खरं नाव विचारलं. मग सगळ्यांनी एकमेकांना नावं विचारली, फोन नंबर घेतले, गावं सांगितली. ज्याची धास्ती घेऊन हा जन्मभर येरझाऱ्या घालत होता, ती माणसं त्याच्याच अंगणात बसून एकमेकांना सापडत होती, आणि ते बघायला हा नव्हता. मला त्याचा फार राग आला. रडूही आलं.

साइट आता नांदेडहून चालते. वहिनींच्या त्या ओळीखाली अजून कोणी काही लिहिलेलं नाही.

गेट उघडलं. सवयीनं मी पहिल्याच गाडीला फोन काढायला सांगितलं. साइट उघडली. "चालू आहे," मी जरा मोठ्यानंच म्हणालो.

खिडकीत आता दुसरे ऑपरेटर आहेत. त्यांनी मान वर केली. "काय चालू हाये जी?"

"काही नाही," मी म्हटलं. "चहा घेतला का तुमी?"