आईने शिकवलेलं भुंकणं

सोसायटीच्या सेक्रेटरीने मला लिफ्टपाशी गाठलं आणि सरळ सांगितलं, कुत्र्याचं भुंकणं थांबवा, नाहीतर मीटिंगमध्ये विषय घेतो. कायद्याने कुत्रा काढता येत नाही हे मला ठाऊक होतं, त्यालाही. पण मरोळच्या त्या बिल्डिंगमध्ये आम्ही भाड्याने. घरमालकाला एक फोन गेला की आमची वाट लागली. आणि कुत्रा गेला तर आईचं काय? बाबा गेल्यावर माहुलच्या कोळीवाड्यातून तिला इथे आणलं, तेव्हा तिची अट एकच होती, तोपण येणार. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची, त्याच्याशी दिवसभर.

म्हणून मी हात धुऊन त्याच्या मागे लागले. मोबाइलवर व्हिडिओ बघून सगळं पाठ केलं. भुंकला तर लक्ष द्यायचं नाही, ओरडायचं नाही. बेल वाजली की सतरंजीवर बसवायचं, गप्प राहिला की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. ऑफिसातून आल्यावर चप्पलही न काढता मी स्वतःच्याच घराची बेल वाजवत राहायचे. समोरचे मला वेडी समजत असणार. समजोत. माझ्यापुढे तर तो इतका शहाण्यासारखा बसायचा की काय सांगू. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बिल्डिंगच्या ग्रुपवर परत तेच, चौथ्या मजल्यावरचा कुत्रा. फोन थरथरला की हातातलं टाकून आधी ग्रुप बघायचे. कामात लक्ष नाही, डबा तसाच परत.

एका दुपारी राहवेना, डोकं दुखतंय सांगून निघालेच. जिन्यातच भुंकणं ऐकू आलं. किल्लीने दार उघडून बघते तर काय, आई खुर्चीत बसून त्याला सुक्या बोंबलाचा तुकडा दाखवतेय. तो भुंकला, तिने दिला. दुसरा तुकडा वर धरला, तो परत भुंकला. माझं डोकंच फिरलं.

"आई, तू त्याला भुंकायला शिकवतेस? अगं, घालवतील त्याला!"

ती जराही ओशाळली नाही. "तो भुंकला की खालची बाई तक्रार घेऊन येते," ती म्हणाली. "मी चहा टाकते. बसते बिचारी जरा वेळ. तो गप्प राहिला तर या दाराला हात कोण लावतो?"

कोळीवाड्यात आमचं दार झोपताना काय ते लागायचं. बाया बोलत बोलतच आत शिरायच्या, त्यांचं अर्धं बोलणं आम्ही त्या दिसायच्या आधीच ऐकलेलं असायचं. मला आईचा रागही येत होता आणि आत तुटतही होतं. मी एवढंच म्हटलं की बोंबील आजपासून बंद, आणि त्या बाईची वाट कसली बघतेस, तूच जा खाली. न बोलावता कसं जायचं, असं तिचं म्हणणं. माहुलला कोण कोणाला बोलावत होतं, असं मी विचारलं, तर तोंड फिरवून बसली.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर नुसत्या टँकरच्या चौकश्या. कुत्र्याचं अवाक्षर नाही. खरं तर मी खूश व्हायला हवं होतं, पण तेच मला सोसेना. आईला फोन लावला, उचलेना. परत लावला, तरी नाही. शेवटी रिक्षा पकडली आणि प्रत्येक सिग्नलला मनात नको नको ते येत राहिलं.

घरात आई नव्हती. तो एकटाच सतरंजीवर बसून शेपूट हलवत होता. हूं नाही की चूं नाही.

धावत खाली गेले. त्या बाईच्या ओट्याशी आई हातात सुरी घेऊन उभी. असले मऊ बांगडे कोण उचलतं बाजारातून, म्हणून तिलाच झापत होती, आणि ती बाई हसत ऐकत होती.

फोन का उचलत नाहीस, मी ओरडलेच. हात खराब आहेत म्हणाली.

"आणि तो? एवढा वेळ एकटा आहे, भुंकला कसा नाही?"

आईने मान वर केली नाही. "त्याने कशाला भुंकायचं? मी आलेय ना इथे."