दोन बोटं लांब

शेजारची सात वर्षांची रिया पडवीत कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने त्याच्याभोवती रेघ काढत होती. आईवडील कुवेतला कामाला असतात. येताना बूट आणायचे म्हणून आईने फोनवर माप मागितलं होतं. पण रेघ पावलापासून चांगली दोन बोटं लांबून चालली होती.

“अगं, पायाला चिकटून काढ,” मी म्हटलं.

“नको काकू. मागचे बूट पायात गेलेच नाहीत. आई येईपर्यंत एवढा होईल पाय.”

मुलांना सवय होते, असं आपण मोठी माणसं एकमेकांना सांगत असतो. होते सवय. ती अशी दिसते.

तिने पाऊल उचललं. कागदावर कुणा मोठ्या मुलीचा पाय उरला. त्या मुलीला वाढताना आईने पाहिलेलं नसणार.

रिया रेघेकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, “की अजून थोडा मोठा काढू?”